तारेवरच्या भिंगऱ्यांत वेगळी भिंगरी कशी ओळखायची

सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की विदर्भात वावरांवर भिंगऱ्यांची, म्हणजे इंग्रजीत स्वॉलोंची, गर्दी वाढते, आणि नवीन पक्षी पाहणारे बहुतेक इथंच हात टेकतात. कोतवाल तारेवर बसून राहतो, नीलपंख बसून राहतो, पुस्तक उघडून आरामात ताडून बघता येतं. भिंगरी मात्र सतत उडती, उन्हाकडे तोंड करून पाहिलं की सगळ्या काळ्याच दिसतात, आणि गावात कोणाला विचारलं तर 'पाकोळी आहे ना ते' एवढंच उत्तर. मग लोक काय करतात, शेपटी बघतात. लांब शेपटी म्हणजे ही, आखूड म्हणजे ती, तार दिसली की तिसरी. आपल्याला या गर्दीतून वेगळी काढायची ती रेघाळ गळ्याची भिंगरी, त्यासाठी ही सवय आधी मोडा. माझं म्हणणं एवढंच की आधी गळा पाहा, मग कंबर पाहा, शेपटी सगळ्यात शेवटी. कंबर म्हणजे पाठीचा खालचा भाग, शेपटी सुरू व्हायच्या जरा वर.

शेपटीवर माझा एवढा राग का ते सांगतो. हिवाळ्यात आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणारी ती माळभिंगरी, पक्षी ओळखायच्या ॲपमध्ये बार्न स्वॉलो नावानं सापडेल. ती हिमालयात आणि त्याच्या पलीकडे घरटी करते आणि थंडी काढायला आपल्याकडे येते, आणि पिसं बदलायचं काम पण इथंच हिवाळ्यात करते. म्हणजे पुस्तकातल्या चित्रात दिसते ती लांब दुभंगलेली शेपटी आपल्या वावरावरच्या बऱ्याच माळभिंगऱ्यांना नसतेच, कोणाची एक बाजू गळलेली, कोणाची अर्धी वाढलेली, आणि त्या वर्षी जन्मलेल्या पिल्लांची तर आखूडच असते. तारवाल्या भिंगरीच्या तारा, म्हणजे शेपटीतली लांब बारीक पिसं, लांबून दिसत नाहीत, तुटतात पण. शेपटीतले पांढरे ठिपके म्हणाल तर ते माळभिंगरीत आहेत, तारवालीत आहेत, किल्ल्यावरच्या धुरकट पंकोळीत (ती पण भिंगऱ्यांच्याच कुळातली) पण आहेत. आता सांगा, शेपटी पाहून काय ठरवणार.

आधी हे ठरवा की ती भिंगरी आहे का

हे काम पटकन होतं पण लोक गाळतात. काळपट, विळ्यासारख्या वाकड्या ताठ पंखांचा, कधीच तारेवर न बसणारा पक्षी दिसला तर ती भिंगरी नाही, तो स्विफ्ट. त्याचे पाय तारेवर बसायच्या कामाचेच नाहीत, तो उभ्या भिंतीला लटकतो. आपल्याकडे छोटा स्विफ्ट पुलाखाली, जुन्या इमारतीत राहतो, आणि ताडाच्या झाडाभोवती फिरणारा बारीक, लांब शेपटीचा तो ताडपाकोळी. छोट्या स्विफ्टची कंबर पांढरी असते हे लक्षात ठेवा, खाली परत कामी येणार आहे.

दुसरा फसवणारा म्हणजे राखी रंगाचा, जाड निळसर चोचीचा पक्षी, तारेवर एकमेकांना खेटून चार-पाच बसतात आणि उडताना पंख तिकोनी दिसतात. इंग्रजी नावात स्वॉलो आहे, ॲशी वुडस्वॉलो, पण भिंगऱ्यांच्या कुळातला नाही. आणि धरणाच्या किंवा नदीच्या रेतीवर संध्याकाळी थव्यानं उडणारा फिकट छोटा प्रॅटिंकोल पण लांबून भिंगरीच वाटतो. तो जमिनीवर उतरून पायानं धावला की विषय संपला.

मग रोजच्या भिंगऱ्या पाठ करा

कमी दिसणारी भिंगरी शोधायला निघालेला माणूस आधी माळभिंगरी कंटाळा येईपर्यंत पाहतो. याला शॉर्टकट नाही. तारेवर पन्नास बसल्या असतील तर एकेकीचा गळा बघत जा, तपकिरी-लाल गळा आणि कपाळ, त्याखाली गडद निळा पट्टा, त्याखाली पांढुरकं पोट, वरून चमकदार निळी-काळी. पट्टा कधी अरुंद असतो, कधी मधे तुटलेला. पिल्लांचा गळा फिका असतो आणि पट्टा मळकट तपकिरी, आणि नवीन लोकांच्या 'दुर्मीळ' भिंगऱ्यांपैकी बहुतेक हीच पिल्लं निघतात.

तारवाली भिंगरी, वायर-टेल्ड, वर्षभर आपल्याकडेच. डोक्यावर तपकिरी-लाल टोपी, आणि गळ्यापासून शेपटीखालपर्यंत स्वच्छ पांढरी, कुठं पट्टा नाही, रेघ नाही. पाणी सोडून फार लांब जात नाही, रपट्यावर म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावर, कॅनॉलवर, बोडीवर म्हणजे छोट्या तळ्यावर बहुतेक जोडीनं दिसते. एका ठिकाणी शंभर तारवाल्या दिसल्या असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवायच्या आधी फोटो मागा.

लालबुडी भिंगरी, रेड-रम्प्ड, वावरावर निवांत तरंगत उडते, माळभिंगरीसारखी सपासप नाही. कंबर विटकरी-केशरी, मानेच्या बाजूला तोच रंग, खालून फिकी आणि त्यावर बारीक रेघा गळ्यापासून पोटापर्यंत. आणि हिची खरी खूण कोणी बघत नाही ती म्हणजे शेपटीच्या मुळाशी खालून काळा डाग, बूड शाईत बुडवून काढल्यागत. ही खूण पक्की करा, पुढं सगळा फैसला हिच्यावर आहे.

चौथी धुरकट पंकोळी, डस्की क्रॅग मार्टिन, सगळीकडून काळपट तपकिरी, गाविलगड, नरनाळा असे किल्ले असोत की तालुक्याच्या गावातली जुनी शाळा, भिंतीच्या कडेनं गोल गोल फिरते. १८३२ साली कर्नल साइक्सनं दख्खनमधल्या पक्ष्यांवरून हिचं शास्त्रीय वर्णन केलं, म्हणजे ही शास्त्राला ठाऊक झाली तीच दख्खनमधून. ओळखायला सोपी आहे, म्हणून इथं जास्त लिहीत नाही.

आता ती वेगळी

आपण जिच्या मागे आहोत ती रेघाळ गळ्याची भिंगरी, स्ट्रीक-थ्रोटेड स्वॉलो. अगदीच दुर्मीळ म्हणता येणार नाही, पण हिचं वागणं असं की जिथं वसाहत असेल तिथं थवेच्या थवे, आणि पुढच्या दोन तालुक्यांत एक दिसणार नाही. भारत, पाकिस्तान, नेपाळ, अफगाणिस्तान एवढ्याच पट्ट्यातली ही भिंगरी, १८५५ मध्ये पक्षीशास्त्रज्ञ ब्लिथनं नोंदवली. लांबी साधारण ११-१२ सेंटीमीटर, म्हणजे माळभिंगरीसोबत तारेवर बसली तर लगेच बुटकी दिसते.

खुणा याच क्रमानं पाहा. गळा आणि छाती मळकट पांढरी आणि त्यावर ठळक काळपट रेघा, खाली पोटाकडे रेघा संपत जातात. डोक्यावर फिकट तपकिरी-लाल टोपी. पाठ निळी-काळी पण तिच्यावर पांढुरक्या रेघा, जवळून छान दिसतात. कंबर फिकट मातकट. शेपटी आखूड, जवळपास चौकोनी, जराशीच खाच. उडणं फडफडतं, माळभिंगरीसारखा जोर नाही, आणि थवा असला की बारीक तर्र-तर्र आवाज चालूच.

घोळ कोणाशी होतो? टोपी पाहून तारवालीशी, पण तारवालीचा गळा कोरा पांढरा, तिथं रेघ दिसली की तारवाली बाद. आणि सगळ्यात जास्त घोळ लालबुडीच्या पिल्लाशी. त्या पिल्लाची कंबर फिकी असते, शेपटी आखूड असते, अंगावर रेघा असतात, आणि माणूस खुश होऊन फोटो टाकून मोकळा होतो. इथं तो काळा डाग पाहायचा. शेपटीखाली काळं असेल तर लालबुडी, कितीही छोटी वाटली तरी. शेपटीखाली फिकं असेल, रेघा गळ्यावर दाट आणि पोटावर विरळ असतील, आणि मानेच्या बाजूला केशरी पट्टा नसेल तर तुमचं काम झालं.

शोधायचं कुठं आणि कधी

वावरात दिवसभर वणवण करू नका, पूल शोधा. ही भिंगरी पुलाच्या स्लॅबखाली, धरणाच्या भिंतीवर, नदीकाठच्या कड्यावर मातीची घरटी करते, एकाला एक चिकटून मोठा पुंजका, प्रत्येक घरट्याला समोर छोटं नळीसारखं तोंड. वर्धा, वैनगंगा, पैनगंगा, पूर्णा यांच्यावरचे पूल, त्यांना मिळणारे मोठे नाले, कॅनॉलवरचे जुने दगडी पूल, सगळीकडे वाकून खाली बघायची सवय लावा. घरट्यांचा मुख्य काळ साधारण डिसेंबर ते एप्रिल, काही ठिकाणी पावसाळ्याच्या आगेमागे परत. धरणाच्या भिंतीवर जायचं तर आधी तिथल्या चौकीदाराला विचारा, बऱ्याच ठिकाणी फोटो काढू देत नाहीत आणि वाद घालण्यात अर्थ नसतो.

घरटं पाहूनच अर्धी ओळख होते. लालबुडीचं घरटं मातीचं आणि लांब बोगद्याचं पण एकटं-दुकटं. तारवालीची उघडी अर्धी वाटी, बहुतेक पाण्याच्या अगदी वर. छोट्या स्विफ्टचं तर मातीचं नसतंच, पिसं आणि काड्या थुंकीनं चिकटवलेला गबाळा गोळा. मातीच्या घरट्यांचा मोठा पुंजका म्हणजे आपली.

आता पुलावरची युक्ती. आधी वर कठड्याशी उभं राहा आणि खाली पाहा. भिंगऱ्या तुमच्या पायाखालून उडतात आणि पाठ, कंबर, टोपी अगदी समोर येते, जे तारेखाली उभं राहून जन्मात दिसत नाही. तिथं दहा-पंधरा मिनिटं फक्त कंबरेचा रंग बघा, बाकी काही नको. मग नदीच्या काठानं खाली उतरा आणि आता गळा आणि शेपटीखालचा भाग बघा. ऊन पाठीमागे ठेवा, म्हणजे सकाळी पुलाच्या पूर्वेकडून, दुपारनंतर पश्चिमेकडून. ट्रक जातात त्या पुलावर कठड्याला टेकून दुर्बीण लावायची असेल तर सोबत एक माणूस रस्त्याकडे लक्ष द्यायला हवाच, आणि समृद्धीवर तर गाडी थांबवायची पण नाही.

त्याहून भारी जागा म्हणजे ओला चिखल. घरटी बांधायच्या दिवसांत भिंगऱ्या नाल्याच्या काठी, ढोरं पाणी पितात तिथल्या राड्यात माती उचलायला उतरतात, चक्क जमिनीवर. वीस-पंचवीस फुटांवर धुऱ्याच्या म्हणजे बांधाच्या आडोशाला गपचूप बसलात तर पाठीवरच्या रेघा मोजता येतील एवढ्या जवळून दिसतात. एरवी उडत्या भिंगरीमागे दुर्बीण फिरवून मान दुखवून घेणाऱ्यांना हे का सुचत नाही कोण जाणे.

वावरात पाहायचं असेल तर ट्रॅक्टर, हार्वेस्टर किंवा चरणारी ढोरं शोधा. माती उलटली, पीक हाललं की किडे उडतात आणि त्यांच्या मागं भिंगऱ्या. पूर्व विदर्भात धानाच्या बांध्यांवर, मालगुजारी तलावांवर अशीच गर्दी असते. ढगाळ दिवशी किडे खाली राहतात म्हणून भिंगऱ्या पण कमरेएवढ्या उंचीवरून जातात, असा दिवस सोडू नका. तारेवर बसलेल्या पाहायच्या तर सूर्य वर आल्यानंतरचा पहिला तास धरा, थंडीत अंग शेकत बसतात, तेव्हा डावीकडून उजवीकडे एकेक गळा तपासत जा.

सोबत काय घ्यायचं

दुर्बीण ८×४२ पुरे. १० पटीची घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे, भिंगरीसारखा वेगाचा पक्षी तिला मागे टाकतो, दृश्य छोटं होतं आणि हात हालला की सगळं गेलं. कॅमेरा असेल तर शटर एक सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर ठेवा, बर्स्ट लावा, आणि सुंदर फोटोच्या मागं लागू नका, कंबरेचा एक आणि गळ्याचा एक धूसर फोटो पण ओळखीला पुरतो. नुसता मोबाईल असेल तर पुलाखाली स्लो-मोशन व्हिडिओ काढून घरी थांबवून-थांबवून बघा. मर्लिन ॲप नावं सुचवतं, मदत होते, पण काळ्या दिसणाऱ्या अर्धवट फोटोवर त्याचं उत्तर म्हणजे फक्त अंदाज, शेवटचा शब्द तुमच्या खुणांचा.

आणि कोणाच्या वावरात शिरण्याआधी विचारायचं. दुर्बीण घेतलेला अनोळखी माणूस दिसला की लोक विचारणारच.

'काय पाहून राहिले भाऊ?'
'पाकोळ्या पाहून राहिलो काका. इकडे पुलाखाली मातीचे घरटे आहेत का कुठं?'
'आहेत ना, तिकडे रपट्यापाशी लई आहेत.'

एवढं बोलणं झालं तर अर्धा दिवस वाचतो, कारण ढोरं चारणाऱ्याला आणि रोज त्या नाल्यावरून जाणाऱ्याला घरटी ठाऊकच असतात, फक्त त्याला पाखराची जात सांगता येत नाही, ते काम आपलं. डुकरांसाठी धुऱ्यावर झटक्याची तार लावलेली असते, तिला हात लावू नका, ओलांडू पण नका. फवारणी चालू असलेल्या कपाशीत अजिबात जायचं नाही, २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी गेले ते आठवा. चंद्रपूर-गडचिरोलीकडे पहाटे एकट्यानं नाल्यात उतरू नका, वाघाचा भाग आहे.

घरट्यांपाशी एक गोष्ट पाळा. तुम्ही उभे असताना भिंगऱ्या नुसत्या घिरट्या घालत असतील आणि आत शिरत नसतील तर तुम्ही जास्त जवळ आलात, मागे सरका. फ्लॅश नको, पिल्लं पाहायला काठीनं घरटं टोचणं तर अजिबातच नको.

याहून अवघड दोन

रेघाळ गळ्याची जमली की पुढं जा, आधी नाही. एक म्हणजे हाउस मार्टिन, हिवाळ्यात आणि येता-जाताना भारतात येते पण खूप उंच उडते म्हणून नजरेतून सुटते. निळी-काळी पाठ, पांढरीशुभ्र कंबर, पांढरंशुभ्र पोट. इथं मघाशी सांगितलेला छोटा स्विफ्ट आठवा, त्याची पण कंबर पांढरी, पण त्याचं पोट काळं, फक्त गळा पांढरा. त्यामुळं पांढरी कंबर दिसली की ओरडू नका, पक्षी वळून पोट दिसेपर्यंत थांबा. पोट पांढरं निघालं तर मात्र जमेल तेवढे फोटो काढा.

दुसऱ्या म्हणजे नदीकाठच्या मातीत बिळं करणाऱ्या छोट्या मातकट पंकोळ्या. आपल्याकडची राहती ती राखी गळ्याची, ग्रे-थ्रोटेड मार्टिन, तिच्या छातीवर पट्टा नसतो. छातीवर ठळक तपकिरी पट्टा असेल तर सँड मार्टिन, पुसट असेल तर पेल मार्टिन, असं पुस्तकात सोपं लिहिलंय पण उडत्या पक्ष्यावर ठळक आणि पुसट ठरवताना जाणते पण भांडतात. फोटोशिवाय यांची नावं लिहू नका.

नोंद करताना

तिथंच वहीत लिहा, घरी जाऊन नाही, कारण घरी पुस्तक उघडलं की आठवण पुस्तकासारखी व्हायला लागते. तारीख, वेळ, जागा, ऊन कुठून होतं, अंदाजे किती लांब, आणि गळा, छाती, कंबर, शेपटीखालचा भाग, यातलं जे दिसलं ते. जे दिसलं नाही ते पण लिहा, 'कंबर दिसली नाही' ही पण कामाची नोंद आहे. पक्ष्यांच्या नोंदी टाकायच्या ई-बर्ड ॲपवर यादी टाकली आणि ती जात त्या भागात नेहमीची नसेल तर ॲप खुलासा मागतं, तिथं 'छान दिसली' असं लिहून चालत नाही, 'गळ्यावर ठळक रेघा, शेपटीखाली फिकं, कंबर मातकट, मातीच्या घरट्यांच्या पुंजक्यात ये-जा' असं लिहा. नक्की नसेल तर 'स्वॉलो एसपी.', म्हणजे भिंगरी आहे पण कोणती ते ठरलं नाही, हा पर्याय आहे, तो निवडायला लाजायचं कारण नाही, चांगले चांगले निवडतात.

घरट्यांची वसाहत सापडली तर पुलाचं ठिकाण, घरट्यांचा अंदाजे आकडा आणि त्यातली किती चालू आहेत हे लिहून ठेवा, आणि पावसाळ्यानंतर परत एक चक्कर मारा. पुरात खालची घरटी धुऊन जातात, पुलाचं रंगकाम निघालं की सगळीच खरवडली जातात, त्यामुळं मागच्या वर्षीच्या नोंदीवर या वर्षी भरवसा नाही, जाऊनच बघावं लागतं.